एकच हापसा, सहा ताटं

प्रवासाला निघण्यापूर्वी मी तीन याद्या करते. सोबत न्यायच्या सामानाची, मागे राहणाऱ्यांना द्यायच्या सूचनांची आणि परत आल्यावर करायच्या कामांची. गेल्या जानेवारीत बंगालला जाताना तिन्ही केल्या होत्या. तिसरी मात्र परत आल्यावर फाडून नव्यानं करावी लागली. ती का फाडली ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. मी गेले तिथं नावाजलेलं देऊळ नाही, समुद्र नाही, आणि बघायला म्हणून मुद्दाम कुणी जाणारही नाही. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या मुलींची लग्नं अजून व्हायची आहेत.

तुर्भे

मी नेरूळला राहते आणि तुर्भ्यातल्या एका कारखान्याचं कॅन्टीन सांभाळते. माहेर साताऱ्याकडचं, शिक्षण गृहविज्ञानाचं. पती जाऊन सहा वर्षं झाली. कॅन्टीनमध्ये माझी दोन भरवशाची माणसं आहेत. एक गोपाल, मुख्य आचारी. मूळचा बंगालचा, पण बारा वर्षं तुर्भ्यात काढल्यामुळे त्याची मराठी आता इथल्या ट्रकवाल्यांसारखी झाली आहे. दुसऱ्या बायजाबाई, तुर्भे गावातल्याच. त्यांच्या सासऱ्यांची भातशेती जिथं होती तिथं आता आमच्या कारखान्याचं गोदाम आहे. त्या भाजी निवडतात, भांड्यांवर लक्ष ठेवतात आणि माझ्या चुका काढतात.

आदल्या वर्षी उन्हाळ्यात गोपालच्या थोरल्या बहिणीचं पत्र आलं. तिचं नाव मालती. वय चाळिशीचं, नवरा वारलेला, मूलबाळ नाही, सासरीच राहते. अंगात ताकद नाही, पोटात आग पडते आणि हाताचे तळवे खरखरीत झालेत असं तिनं लिहिलं होतं. गोपालनं मला विचारलं, "ताई, तुमी सगळ्यांना खायला काय-काय ते लिहून देता. माझ्या दीदीला पन द्या ना."

कारखान्यातल्या भट्टीवरच्या कामगारांसाठी मी केलेली यादी तयारच होती. तीच थोडी बदलली. पहिलं कलम: दिवसातून बारा पेले पाणी. दुसरं: दोन वेळा तांदळाची पेज, पाणी न गाळता. पुढं ताक, पालेभाजी, वेळेवर झोप वगैरे. गोपालनं तिचं बंगालीत भाषांतर केलं आणि टपालात टाकलं.

बायजाबाई भेंडी चिरत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "पन गो बाय, पानी कंच्या बावीचा पितं ती?"

बाव म्हणजे विहीर. खाडीकाठच्या जुन्या गावांत कुणी आजारी पडलं की हा प्रश्न आधी येतो. एका बावीचं पाणी गोडं आणि दुसरीचं भरतीला खारट, अशा मुलखात ही माणसं वाढली.

मी म्हटलं, "विहीर नाही हो बायजाबाई. अंगणात हापसा आहे, बंद पाइपाचा. विहिरीपेक्षा स्वच्छ."

"बराय," त्या म्हणाल्या. त्यांचं 'बराय' फारसं बरं नव्हतं, पण मी कामात होते.

सहा महिन्यांनी दुसरं पत्र आलं. या वेळी ते मालतीच्या दिरानं लिहिलं होतं. तळव्यांवर गाठी आल्या आहेत, एका बोटाला जखम झाली आहे आणि ती भरत नाही. गावात लोक हा महारोग असल्याचं बोलतात. दिराच्या मुलीचं जमत आलेलं लग्न त्या बोलण्यानं मोडलं. संक्रांत झाली की मालतीला लांबच्या एका विधवाश्रमात ठेवायचं घरानं ठरवलं आहे. शेवटी एक ओळ होती: कलकत्त्याहून डॉक्टर येतात, हापशाचं पाणी बाटल्यांत भरून नेतात आणि शाळेत तपासणी करतात, पण मालती भीतीनं तिकडे जायला तयार नाही.

"ती तुमचं ऐकंल ताई," गोपाल म्हणाला. "माझं नाय ऐकनार. मी तिच्यासाठी अजून चड्डीतला गोपालच हाय."

माझी रजा शिल्लक होती. मी याद्या करायला घेतल्या.

कल्याण ते हावडा

या दोन दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सामानात मी हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले फुटाणे आणि तिळगूळ घेतला होता. माझं सगळं लक्ष ताकद भरून काढण्यावर होतं. गोपालनं माझी वही बघितली आणि शेजारच्या प्रवाशाला हिंदीत सांगितलं की ताईंना वरती बोलावणं आलं तर त्या यमालाही थांबवून सामान तपासायला लावतील. नागपूरला संत्री घेतली. त्यातली निम्मी चिखल निघाली. प्रवासातलं नुकसान तेवढंच.

गावात, पहिला दिवस

हावड्याहून शहर ओलांडून दुसऱ्या स्टेशनवर, तिथून पुन्हा गाडी आणि शेवटी सायकलरिक्षा. आमच्या साताऱ्याकडे जमीन चढते-उतरते आणि पाणी कुठं असेल ते तिच्याकडे बघून सांगता येतं. इथं जमीन सपाट, हिरवी आणि मऊ. जिथं खणाल तिथं पाणी. दर घरामागे तळं, तळ्यात बदकं, काठाला केळी आणि सुपारी. मोहरी फुललेली होती. खजुराच्या झाडांना गळ्याशी मडकी बांधलेली. त्या रसाचा गूळ करतात आणि पहाटे साऱ्या गावाला त्याचा वास येतो. पाण्याची इतकी चंगळ मी आयुष्यात पाहिली नव्हती. माझ्या बारा पेल्यांच्या कलमाला शोभेल असं गाव हेच, असंही मनात येऊन गेलं.

मालतीच्या सासरचं घर मातीचं, सारवलेलं, नीटनेटकं. घरात सहा माणसं: सासरे, सासू, दीर, जाऊ, त्यांची सतरा वर्षांची मुलगी आणि मालती. अंगणाच्या मधोमध हापसा. सासूबाईंनी स्वतः दांडा मारून पितळी पेल्यात पाणी भरलं आणि बताशासह पुढं केलं. पाणी गार, नितळ, चवीला चांगलं. गोपालनं त्यांचं बोलणं सांगितलं, "आई बोलते, हा हापसा त्यांच्या मोठ्या मुलानं बसवला. म्हंजे दीदीच्या नवऱ्यानं. त्याच्या आधी तळ्याचं पानी प्यायचे, दरसाल कोन ना कोन हगवनीनं जायचं. हापसा आला नि बंद झालं."

मालती स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत होती. पांढरं लुगडं, हात पदराखाली. मी हात पुढं केला तेव्हा तिनं गोपालकडे बघितलं आणि मग हळूच हात बाहेर काढले. तळव्यांवर डाळीएवढ्या कठीण गाठी होत्या, हाताला चामखिळीसारख्या लागणाऱ्या. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर उघडी जखम. गळ्याखाली काळसर ठिपके, धुळीच्या अंगणात पावसाचे चार थेंब पडून वाळावेत तसे. मी तिचे हात हातात धरून बसले. तिला त्याचं इतकं नवल वाटलं की ती गोपालला काहीतरी म्हणाली आणि गोपाल दुसरीकडे बघू लागला. मग त्यानं सांगितलं, "बोलते, आठ महिन्यांनी कोनी हात लावला."

तिच्या चुलीवरच्या भिंतीला गोंदानं एक कागद चिकटवला होता. बंगाली मला वाचता येत नाही, पण आकडे आणि ओळींची लांबी ओळखता येते. सात कलमं होती. ती माझी यादी होती.

"रोज करते," मालतीनं अभिमानानं सांगितलं. "बारा पेले. कधी चौदा."

दुपारी जेवायला पान मांडलं. पाहुणी म्हणून मला सासरे आणि दिरासोबत बसवलं. भात, मसूरची डाळ, वांग्याची भाजी आणि मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण. आमच्याकडे मासा म्हणजे खाडीचा किंवा समुद्राचा. गोड्या पाण्याचा मासा काट्यांनी भरलेला असतो आणि मी पहिल्याच घासाला काटा गळ्यात अडकवून घेतला. सगळे हसले. सासूबाईंनी कोरड्या भाताचा गोळा करून माझ्या तोंडात घातला, काटा उतरला आणि ओळख झाली.

मग त्यांनी दुसरा तुकडा वाढण्यासाठी डाव उचलला आणि विचारलं, "जावईबापू काय करतात?" हा त्यांचा माझ्या यजमानांना मान.

मी सांगितलं, "ते गेले. सहा वर्षं झाली."

गोपालनं भाषांतर केलं. डाव हवेत थांबला. त्यातला रस्सा पानावर ठिबकत राहिला. माझ्या कपाळावर टिकली होती, हातात दोन काचेच्या बांगड्या होत्या आणि पानात अर्धा खाल्लेला मासा होता. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा पडवीच्या दाराकडे बघितलं. दारात मालती उभी होती, तिचं लक्ष माझ्या पानावर होतं.

"तुमच्याकडे चालतं?" सासूबाईंनी विचारलं.

"आमच्या घरात चालतं," मी म्हटलं. खोटं बोलायला नको म्हणून पुढं सांगितलं, "पण आमच्याकडेही सगळं चालत नाही. संक्रांतीला माझ्या बिल्डिंगमधल्या बायका हळदीकुंकू करतात. त्या दिवशी माझ्या दाराची बेल कुणी वाजवत नाही."

त्यांनी डाव खाली आणला आणि तो तुकडा माझ्या पानात वाढला. पाहुणीच्या पानातून मागं घेणं त्यांच्या रीतीत बसत नसावं.

संध्याकाळपर्यंत मी स्वयंपाकघरात बसून राहिले आणि कोण काय खातं ते वहीत लिहिलं. सासरे आणि दीर आधी जेवतात: मासा, डाळ, भाजी, भात. मग नात: माशाचं डोकं, कारण मुलगी लग्नाची. मग सासू आणि जाऊ: शेपूट, डाळ, उरलेली भाजी. मालतीची चूल वेगळी. विधवेला मासा नाही, अंडं नाही, कांदा-लसूण नाही. मसूरची डाळसुद्धा नाही, ती तिथं मांसाच्या रांगेत धरतात. दिवसातून एकदा भात, उकडलेला बटाटा किंवा भोपळा आणि मीठ. रात्री कुरमुरे पाण्यात भिजवून. आणि गेल्या सहा महिन्यांपासून माझ्या यादीप्रमाणे दोन वेळा पेज, पाणी न गाळता. यादीतलं ताक आणि पालेभाजी मात्र तिच्या चुलीपर्यंत पोचलीच नव्हती.

सगळ्यांच्या गळ्याशी मी चोरून बघितलं. सासऱ्यांना ठिपके होते, दिरालाही थोडे. जावेला अंधुक. पण हातांच्या गाठी आणि जखम एकट्या मालतीला.

दुसरा दिवस

एकादशी होती. आमच्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा, शेंगदाणे, वऱ्याचे तांदूळ, रताळी, राजगिरा. मी उत्साहानं फुटाण्यांचा डबा काढला. मालती हसली आणि मान हलवली. तिथल्या विधवेची एकादशी निर्जळी. दिवसभर पाण्याचा थेंबही नाही.

"निदान पाणी तरी," मी गोपालला म्हटलं. "यादीत पहिलंच कलम आहे."

गोपाल म्हणाला, "ताई, तुमच्या यादीपेक्षा ही यादी जुनी हाय."

दिवस मी गावात घालवला. प्रत्येक घरापुढं हापसा होता. कोपऱ्यात, बांबूच्या बेटाआड एक जुनी विहीरही दिसली, विटांच्या गोल कठड्याची. वर फांद्या टाकलेल्या. हापसे आल्यापासून तिच्याकडे कुणी जात नाही. दिरानं सांगितलं की डॉक्टरांची माणसं तिचंही पाणी घेऊन गेली आणि गाव हसलं होतं.

संध्याकाळी मी मालतीला उद्या शाळेत चलण्याबद्दल विचारलं. ती म्हणाली की महारोग नाही असं डॉक्टरनं सांगितलं तर बरंच. पण आहे असं सांगितलं तर संक्रांतीपर्यंतसुद्धा घरात ठेवणार नाहीत. आत्ता निदान संक्रांतीची पिठं, म्हणजे तिथली सणाची गोड पक्वान्नं, वळायला मिळतील. मी म्हटलं, "मी हात धरून नेते. सगळ्या गावासमोर." ते तिला कळायला भाषांतर लागलं नाही.

तिसरा दिवस, शाळेत

शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून डॉक्टर बसले होते. पन्नाशीचे, घसा बसलेला, हिंदी बऱ्यापैकी. मालतीचा हात बघून त्यांनी आधी कापसाचा बोळा घेतला. तिला डोळे मिटायला सांगून तो तळव्याच्या मागच्या बाजूला, दंडावर, पायावर फिरवला. "लागतंय?" प्रत्येक वेळी ती हो म्हणाली. त्यांनी नसा चाचपल्या आणि मग मोठ्यानं, व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हा महारोग नाही. हा स्पर्शानं होत नाही. हा हापशातून होतो."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. जमिनीखालच्या थरांत आर्सेनिक असतं, म्हणजे सोमलाचंच विष. उथळ विहिरीच्या पाण्यात ते सहसा कमी, पण हापशाचा पाइप जिथपर्यंत जातो तिथल्या पाण्यात इथं ते आहे. चव नाही, वास नाही, रंग नाही. उकळून जात नाही. त्यांच्या वहीत या घराच्या हापशापुढं लाल फुली होती. बांबूच्या बेटातली विहीर ठीक होती. उकळून घ्यावी लागेल, एवढंच.

मी विचारलं, "पण घरात सहा माणसं. पाणी एकच. मग हिलाच एवढं का?"

त्यांनी मला उलट विचारलं, "ही काय खाते?"

मी वही उघडून वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढला. "असं लिहून आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच," ते म्हणाले. "सगळं आम्हाला अजून ठाऊक नाही. पण घरोघरी असंच दिसतं. हे विष शरीरातून बाहेर काढायला शरीराला बळ लागतं आणि ते डाळ, मासे, अंडी, दूध, हिरवी भाजी यांतून येतं. ज्याच्या ताटात यातलं काही नाही त्याचं शरीर आधी हरतं. पण एक नीट समजून घ्या. चांगलं खाणारे वाचले असं नाही. सासऱ्यांचे ठिपके बघितलेत ना? त्यांची पाळी उशिरा आहे, एवढंच. आधी पाणी बदला, मग ताट. नुसतं ताट बदलून भागणार नाही."

मग त्यांनी विचारलं, "आणि पाणी ही किती पिते?"

गोपालनं माझ्याकडे बघितलं नाही. मालतीनंच सांगितलं, सरळ, न घाबरता, "बारा पेले. शिवाय पेज. ताईंनी लिहून दिलंय."

डॉक्टरांनी मला एका शब्दानंही टोकलं नाही. "भट्टीवरच्या माणसाला हे बरोबर आहे," एवढंच म्हणाले आणि बोटाच्या जखमेकडे वळले. जखम त्यांना आवडली नाही. कलकत्त्याला येऊन तुकडा तपासायला द्यावा लागेल म्हणाले, आणि चिठ्ठी लिहून दिली.

परतताना मालती माझ्या पुढं चालत होती, हात पदराबाहेर. महारोग नाही, हे तिला पुरेसं होतं. मी मागून चालत होते आणि बारा गुणिले एकशे ऐंशी करत होते. ते करून काही होत नव्हतं, पण थांबताही येत नव्हतं.

घरी पोचल्यावर मी पडवीत तिच्यासमोर बसले. गोपालला म्हटलं, "जसंच्या तसं सांग. काही गोड करू नकोस. तुझा आजार माझ्या यादीनं सुरू झाला नाही, पण वाढवला. पाणी कुठलं हे मी विचारलं नाही. मला एका बाईनं विचारायला सांगितलं होतं, तरी विचारलं नाही."

गोपालनं सांगितलं. मालतीनं भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. मग जे बोलली ते गोपालनं मान खाली घालून सांगितलं. "बोलते, मग एकादशीनं मला वाचवलं. तेवढाच एक दिवस मी विष प्यायले नाय." ती हसली नाही. मीही नाही.

संक्रांत

सकाळी घरात तांदळाच्या पिठाची आणि खजुराच्या गुळाची पिठं होत होती; आपल्या उकडीच्या मोदकांची लांबची बहीण म्हणता येईल. मी तिळगूळ वाटला. सासूबाई सकाळपासून हापशाजवळ बसून होत्या. शाळेतली बातमी घरी आली होती.

त्या एकदम उसळल्या. गोपाल भराभर सांगत गेला: "माझ्या मुलानं स्वतःच्या हातानं पाइप उतरवला. चार दिवस चिखलात उभा होता. आता शहरातला डॉक्टर येऊन सांगनार की माझ्या मुलानं घराला विष पाजलं? आनि ही मुंबईची बाई, विधवा होऊन मासे खाते, ही मला शिकवनार?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मालतीनं माझ्या हातावर तिचा तो गाठी आलेला हात ठेवला आणि स्वतः बोलली. सासूशी इतकं मोठ्यानं ती कधी बोलली नसावी. जाऊ पिठाचे हात तसेच धरून बाहेर आली.

"मा, त्यांनी हापसा बसवला म्हणून तुमची माणसं हगवणीतून वाचली. त्यांना खालचं दिसत नव्हतं. कुणालाच दिसत नव्हतं. या ताईंनी मला बरं वाटावं म्हणून पाणी प्यायला सांगितलं. त्यांनाही दिसत नव्हतं. त्यांनी माझ्यासमोर बसून चूक कबूल केली. ते असते तर त्यांनीही केली असती."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग मालती माझ्याकडे वळली. मासा खाणार नाही म्हणाली. घराची भीती म्हणून नव्हे. तिचा नवरा तळ्यात गळ टाकायचा आणि शेवटचा मासा तिनं त्याच्यासाठी रांधला होता. त्यानंतर तिला नको वाटतो. पण मूग, हरभऱ्याची डाळ, दूध, दूध फाडून केलेला छाना आणि तळ्याकाठची पालेभाजी चालेल. दोन वेळा जेवीन. एकटी पडवीत नाही, सगळ्यांबरोबर बसून. आणि त्या विधवाश्रमात जाणार नाही.

मी वहीत लिहून घेत होते. मासा लिहून खोडला. मन वळवायला माझ्याकडे बरेच मुद्दे होते. पण हे तिचं ताट होतं.

सासूबाई उठल्या, दोन कळश्या घेतल्या, एक नातीच्या हातात दिली आणि बांबूच्या बेटाकडे निघाल्या. गावातल्या बायका हापशांवर होत्या. त्या थांबून बघत राहिल्या. विहिरीवरच्या फांद्या सासूबाईंनी स्वतः ओढून काढल्या. परत आल्यावर पहिली कळशी त्यांनी मालतीच्या चुलीपाशी ठेवली आणि कोरडेपणानं म्हणाल्या, "उकळून घे. आणि दुपारी उशीर करू नकोस, बाबांना भूक लागते."

त्या दुपारी सहा ताटं एका ओळीत मांडली.

नेरूळ

परत आल्यावर तिसरी यादी फाडली. तुर्भ्याच्या कॅन्टीनमध्ये टाकीवर लावलेला माझा 'भरपूर पाणी प्या' हा कागदही काढला. टाकीचं पाणी तपासायला पाठवलं, आणि कामगारांच्या वस्तीत ज्या दोन बोअरचं पाणी पितात त्यांचंही. तिन्ही ठीक निघाली. कागद पुन्हा लावला.

जूनमध्ये मालतीचं पत्र आलं, तिच्या स्वतःच्या अक्षरात, वाकडं. गोपालनं कॅन्टीनमध्येच वाचलं, बायजाबाई समोर मेथी निवडत होत्या. कलकत्त्याला बोटाचा तुकडा तपासला. बोट ठेवता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. ते काढलं. बाकीच्या गाठी आहेत, पण नव्या येत नाहीत. अंगात ताकद वाटते. सगळं घर विहिरीचं पाणी पितं आणि आता गल्लीतली आणखी काही घरंही. पुतणीच्या गळ्याशी बारीक ठिपके दिसतात, म्हणून तिला दूध सुरू केलं आहे.

पत्रात माझी जुनी यादी घडी करून परत पाठवली होती. गोंदाचे डाग तसेच. मला वाटलं तिनं पहिलं कलम खोडलं असेल. खोडलेलं नव्हतं. "पाणी तर प्यायलाच हवं," तिनं लिहिलं होतं. बारा पेल्यांच्या पुढं तिनं फक्त दोन शब्द वाढवले होते, गोपालनं वाचून सांगितले: बांबूतल्या विहिरीचं.

बायजाबाई मेथीची काडी मोडायची थांबल्या. 'मी तवाच इचारलं व्हतं' हे त्या म्हणतील आणि म्हणू दे, अशी मी तयारी केली. त्या ते म्हणाल्या नाहीत.

"बोट कंचा गेला?" त्यांनी विचारलं.

"उजव्या हाताचं. मधलं."

त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताची बोटं जुळवून बघितली, घास धरावा तशी, मधलं बोट बाजूला ठेवून. "मंग जेवतं कशी ती?"

गोपालनं पत्रात पुन्हा बघितलं. तेही तिनं लिहिलं होतं.

"चार बोटांनी," तो म्हणाला. "सगळ्यांसोबत बसून."